देवाचं देणं आणि आपलं देणं

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. अडतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस दिलेलं मोजून वापरेल, असा त्यांचा विश्वास असावा. तो खरा करण्याचा प्रयत्न करतो.

पंचवीस वर्षांत आपण काय काय केलं, हे अहवालात छापलं आहे. पाण्याची टाकी, लिफ्ट, कन्व्हेअन्स, सगळं. ते मी पुन्हा सांगत नाही. मी बोलणार आहे ते गेल्या वार्षिक सभेतल्या एका वाक्याबद्दल. आपले सी.ए. सभासद गेली अकरा वर्षं सोसायटीचे हिशेब एक पैसा न घेता बघतात. त्या दिवशी ते म्हणाले, "आता मला मोकळं करा." तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "अहो, तुम्हाला येतं. मग तुम्ही नाही करायचं तर कोणी करायचं?" लोक हसले. ते गप्प बसले आणि यंदाचेही हिशेब त्यांनीच केले.

मीही हसलो होतो. घरी गेल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. ज्याला येतं त्याने दुसऱ्यासाठी केलंच पाहिजे का? हे त्याचं कर्तव्य आहे, की आपण त्याच्या मानेवर ठेवलेलं जू आहे?

आपल्या भाषेत एक गंमत आहे. एखाद्याचा गळा गोड असला की आपण म्हणतो, देवाचं देणं आहे. आणि वाण्याची उधारी राहिली की म्हणतो, त्याचं देणं आहे. शब्द एकच. मिळालं तेही देणं आणि फेडायचं तेही देणं. बँकेत मी आयुष्यभर येणी-देणी लिहिली, पण या शब्दाचे हे दोन अर्थ शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते.

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपल्याला लांब जायला नको. आपला जिल्हा पूर्वी कुलाबा होता, 1981 पासून रायगड झाला. त्या कुलाबा जिल्ह्यात चार महिन्यांच्या अंतराने दोन मुलं जन्मली. एक 11 सप्टेंबर 1895 ला आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्याला, विनायक नरहर भावे. दुसरा 14 जानेवारी 1896 ला महाडजवळच्या नाते गावी, चिंतामण द्वारकानाथ देशमुख. त्यांचं घराणं रोह्याचं, वडील वकील, आणि बालपण रोह्यात गेलं. दोघेही विलक्षण बुद्धीचे. आणि दोघांनी त्या बुद्धीचं जे केलं ते एकमेकांच्या अगदी उलट.

विनायकाचं गणित फार चांगलं होतं. 1916 साली इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईला निघालेला हा मुलगा वाटेत सुरतेला उतरला आणि काशीला निघून गेला. त्याआधी त्याने आपली सर्टिफिकेटं आईसमोर चुलीत घातली होती. पुढे तेच विनोबा झाले. 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत हरिजन कुटुंबांनी त्यांच्याकडे 80 एकर जमीन मागितली आणि गावातले रामचंद्र रेड्डी 100 एकर द्यायला उभे राहिले. तिथून भूदान सुरू झालं आणि हा माणूस तेरा वर्षं देशभर पायी चालला. मिळालेल्या जमिनीतली बरीच नापीक निघाली, बरीच वाटपाविना राहिली, हेही खरं आहे. पण लाखो एकर जमीन केवळ मागून मिळते, हे त्याआधी कोणाला खरं वाटलं असतं?

चिंतामणरावांनी सर्टिफिकेटं जाळली नाहीत, मिळवत गेले. 1912 साली मॅट्रिकला पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. मग केंब्रिज. 1918 साली आय.सी.एस.च्या परीक्षेत पहिले. 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. आम्हा बँकवाल्यांना हे नाव देवासारखं. त्यांच्या सहीच्या नोटा चालल्या. 1944 साली ब्रेटन वुड्सच्या परिषदेत ते भारताच्या बाजूने बसले. पुढे देशाचे अर्थमंत्री झाले. 1952 च्या निवडणुकीत आपल्याच कुलाब्यातून निवडून गेले होते. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि आयुर्विमा सरकारने हाती घेतला, ते त्यांच्याच काळात. आणि मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा 1956 साली हेच चिंतामणराव अर्थमंत्रिपद सोडून मोकळे झाले.

आता मला सांगा, यातला खरा कोण? परीक्षा सोडणारा, की परीक्षेत पहिला येणारा? मला वाटतं दोघेही. एकाने पद टाकून लोकांचं काम केलं, दुसऱ्याने पदावर बसून केलं, आणि वेळ आली तेव्हा पदही टाकलं. म्हणजे हुशार माणसाने अमुकच केलं पाहिजे, फकीरच झालं पाहिजे, असा काही नियम नाही. आपल्या मुलाला चांगली नोकरी लागली, तो पुण्याला किंवा परदेशी गेला, म्हणून तो लगेच कर्जबुडवा ठरत नाही. तो काय करतो, हे महत्त्वाचं.

तिसरं नाव रोह्याचंच. 19 ऑक्टोबर 1920 ला जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले. त्यांचे सगळे विचार सगळ्यांना पटतील असं नाही, पण त्यांची एक गोष्ट मला फार पटते. स्वाध्यायात योगेश्वर कृषी नावाचा प्रयोग आहे. गावात एक शेत असतं, ते कोणा एकाचं नाही. प्रत्येक जण पाळीपाळीने येतो, वर्षातले थोडे दिवस राबतो आणि पीक गरजूंच्या, गावाच्या कामाला जातं. कोळ्यांमध्ये तसाच मत्स्यगंधा नावाच्या होड्यांचा प्रयोग झाला. यात महत्त्वाचं काय, तर वही-पुस्तकातली हुशारी लागत नाही. नांगर धरता येणं हीही देवाची देणगी, जाळं टाकता येणं हीही देणगी. शास्त्रीजींनी सांगितलं, तुझ्या अंगात जे कौशल्य आहे त्यातला थोडा भाग देवाचा समजून दे.

विनोबांना 1958 साली, चिंतामणरावांना 1959 साली आणि शास्त्रीजींना 1996 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पेण आणि रोहा, मध्ये गाडीचा तासाभराचा रस्ता, आणि तीन मॅगसेसे! आपण बाहेरच्या लोकांना पेणचे गणपती आणि पोह्यांचे पापड सांगतो. हेही सांगायला हरकत नाही.

पण मंडळी, मोठ्या माणसांच्या गोष्टी सांगणं सोपं असतं. त्या ऐकून आपण टाळ्या वाजवतो आणि घरी जातो, कारण आपण काही विनोबा नाही. म्हणून आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. ती मोठी नाही आणि माझ्या बाजूची तर नाहीच.

मी रोह्यात वाढलो. वडील भाताच्या गिरणीत कारकून. 1967 ला मी एस.एस.सी.ला होतो, तेव्हाची अकरावी. आमचे गणिताचे सर संध्याकाळी पाच-सहा मुलांना घरी बोलवायचे. फी नाही. दिवे गेले की कंदील. सरांना स्वतःची चार मुलं होती, आणि आम्ही ओटीवर बसायचो तेव्हा त्यांच्या सौभाग्यवतींना स्वयंपाकघरातून बाहेर यायलाही अडचण व्हायची. दिवाळीला आईने पोह्यांचा डबा दिला, तो सरांनी मुकाट्याने घेतला. भाषण नाही, उपदेश नाही. त्या गणिताच्या जोरावर मी पदवीधर झालो, बँकेत लागलो, ऑफिसर झालो. या सोसायटीतला माझा फ्लॅटसुद्धा त्या ओटीवरच उभा आहे, असं म्हटलं तरी चालेल.

1988 ची गोष्ट. मी तेव्हा शाखेत ऑफिसर होतो. आमच्याकडे एक शिपाई होते, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. त्यांचा मुलगा दहावीला, गणितात कच्चा. एक दिवस संध्याकाळी कॅश बंद झाल्यावर मामा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "साहेब, रविवारी तासभर पोराला बसवाल का तुमच्याजवळ? तुमचं गणित चांगलं आहे असं सगळे म्हणतात."

मी म्हणालो, "बघू."

माझी प्रमोशनची परीक्षा जवळ आली होती. घरात लहान मुलं होती. कारणं खोटी नव्हती, बरं का. पण रविवारी दुपारी मी दोन तास झोपत होतो, हेही खोटं नव्हतं. मामांनी पुन्हा विचारलं नाही. मुलगा गणितात नापास झाला, ऑक्टोबरलाही राहिला, मग धाटावला एका कारखान्यात कंत्राटी कामाला लागला. मी शिकवलं असतं तर तो पास झालाच असता, असं मी म्हणत नाही. पण मी शिकवलं नाही, एवढं नक्की.

पुढे मामा निवृत्त झाले. निरोपसमारंभाला मीच भाषण केलं. कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं आणि म्हणालो, "मामा, तेव्हा मी तुमच्या मुलाला बसवायला हवं होतं." ते माझा हात धरून म्हणाले, "जाऊ द्या हो साहेब, तुम्ही कामात होता." त्यांनी मला दोष दिला असता तर बरं वाटलं असतं. माणूस माफ करतो तेव्हा खातं बंद होत नाही. बँकेत सुद्धा कर्ज 'राइट ऑफ' केलं म्हणजे कर्जदार त्यातून सुटत नाही.

विनोबांची आणखी एक गोष्ट इथे आठवते. त्यांच्या आईला संस्कृत गीता समजत नव्हती. मराठी भाषांतर आणून दिलं, तेही जड वाटलं. ती म्हणाली, मग तूच का करत नाहीस? आई 1918 साली गेली. गीताई लिहून झाली 1931 मध्ये. जिने मागितली तिच्या हातात ती पडली नाही. पण विनोबांनी देणं बुडवलं नाही, उशिरा का होईना फेडलं, आणि एका आईसाठी केलेलं ते काम घराघरातल्या आयांपर्यंत पोचलं. माझ्यासारख्याला यात मोठा आधार आहे. ज्याचं घेतलं त्यालाच परत करता येतं असं नाही, पण फेडता येतं.

तर सुरुवातीच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. ज्याला येतं त्याच्यावर देणं आहेच, कारण कोणाचंही 'येणं' फक्त त्याचं स्वतःचं नसतं. कोणाची तरी ओटी त्यात असते, कोणाच्या तरी घरातली अडचण असते. पण हे देणं असं आहे की त्याला वसुली अधिकारी नाही. ज्याचं त्यानेच मोजायचं आणि ज्याचं त्यानेच भरायचं. दुसऱ्याने दारात उभं राहून "तुम्हाला येतं ना, मग करा" म्हटलं की ती मदत राहत नाही, ती वेठ होते. आपल्या डॉक्टर सभासदांना जिन्यात गाठून रिपोर्ट दाखवणाऱ्यांनी, त्यात मीही आलो, हे लक्षात ठेवावं. त्यांनाही जेवायचं असतं, झोपायचं असतं. योगेश्वर कृषीतही माणूस आपली पाळी करतो आणि घरी जातो. एकट्याने अकरा वर्षं नांगर धरावा, असं तिथे कोणी म्हणत नाही.

म्हणून सी.ए. साहेब, त्या दिवशी मी हसलो याबद्दल सर्वांसमक्ष तुमची माफी मागतो. नव्या वर्षापासून हिशेबाच्या वह्या मी आणि सी विंगमधल्या ताई मिळून लिहू. तुम्ही वर्षातून एकदा नजर टाका, तीही तुमच्या सवडीने.

आणि शेवटचं. दीड वर्षापूर्वी आपल्या वॉचमनची मुलगी जिन्यात मला म्हणाली, "आजोबा, तुम्हाला गणित येतं ना? मला बीजगणित समजत नाही." माझ्या तोंडात आलंच होतं, "बघू." चौऱ्याहत्तराव्या वर्षी गुडघे दुखतात, रविवारची झोप अजून प्रिय आहे. तो शब्द मी गिळला आणि म्हणालो, "रविवारी दहाला ये, वही घेऊन." आता सोसायटीच्या ऑफिसात रविवारी चार मुलं बसतात. दोन आपल्या सभासदांची आहेत. मी काही उत्तम शिक्षक नाही. चिडतो, आणि नव्या पुस्तकातल्या पद्धती मलाच आधी शिकाव्या लागतात. मुलगी यंदा दहावीला आहे. निकाल लागायचा आहे, त्यामुळे तिच्याबद्दल आत्ताच काही फुशारकी मारत नाही.

ऑफिसात खुर्च्या अजून रिकाम्या आहेत. इंग्रजी येणारे, मोबाईलवरून फॉर्म भरता येणारे, शिवण येणारे, गाणं येणारे असे कितीतरी जण या मंडपात आहेत. आपल्या घरी काम करणाऱ्या ताईंना पेन्शनचा, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून हवा असतो आणि त्या चार ठिकाणी हेलपाटे घालतात. मी कोणालाही आग्रह करणार नाही. नाही तर माझंच बोलणं खोटं ठरेल. फक्त एवढंच सांगतो की रविवारी दहा ते अकरा दार उघडं असतं.

पंधरा मिनिटं झाली. सचिव घड्याळ बघत आहेत. 

जय हिंद, जय महाराष्ट्र.