फ्रान्सला वर्षभर जातांना



आमच्या वसई-विरार भागांतील मुलें आतां उच्च शिक्षणासाठीं फ्रान्सलाहि जाऊं लागलीं आहेत. जाण्याचें ठरलें कीं घरांत लोकरी कपडे, फराळाचे डबे आणि मोठी पेटी यांची गडबड प्रथम सुरू होते. हें सर्व हवेंच. परंतु माझें सांगणें असें कीं, परदेशांतील एका वर्षाची तयारी पेटीपासून नव्हे, तर नांवापासून आरंभावी.

शिक्षक या नात्यानें शाळेचें जनरल रजिस्टर मीं पुष्कळ वर्षें सांभाळलें. मराठी शाळेंत नांव देवनागरींत नोंदलें जातें आणि त्याचें इंग्रजी रूप बहुधा दहावीच्या परीक्षेच्या अर्जावर कायम होतें. तोंपर्यंत बाप्तिस्म्याच्या नोंदींतील 'पेरेरा' शाळेंत 'परेरा' झालेला असतो. राऊत किंवा चौधरी यांच्या घरीं बापाच्या आणि मुलाच्या आडनांवाचीं इंग्रजी अक्षरें जुळत नाहींत. शिवाय दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनांव, स्वतःचें नांव व वडिलांचें नांव असा क्रम असतो. पासपोर्टांत आडनांव एका रकान्यांत आणि उरलेलें नांव दुसऱ्यांत. फ्रेंच अर्जांतहि हे दोन रकाने निराळेच असतात. तेव्हां पासपोर्ट हाच कित्ता समजावा आणि विद्यापीठ, बँक, विमा, भाडेकरार या सर्व ठिकाणीं तोच अक्षरशः गिरवावा.

एका अक्षराचा फरक दुरुस्त करण्यास प्रतिज्ञापत्र, राजपत्रांतील प्रसिद्धि, पुन्हां नवा पासपोर्ट अशा खेपा घालाव्या लागतात. फ्रान्समधील शैक्षणिक वर्ष सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतें. तें आपल्या राजपत्राची वाट पाहत नाहीं. म्हणून हें काम निदान वर्षभर आधीं हातीं घ्यावें.

दुसरा कागद जन्माचा दाखला. फ्रान्समध्यें गेल्यावर विद्यार्थ्यास सरकारी आरोग्यविम्यांत नांव नोंदवावें लागतें. ती नोंदणी विनामूल्य आहे. परंतु तेथें आईबापांच्या नांवांसह जन्मदाखला मागतात. आपल्याकडे कित्येक दाखल्यांवर बालकाच्या नांवाची जागा कोरीच असते. ती आधीं भरून घ्यावी. आमची महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजीं अस्तित्वांत आली. त्यापूर्वीं जन्मलेल्यांची नोंद तेव्हांच्या नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या दप्तरांतली. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं झाला; म्हणून दाखल्यावर 'ठाणे' आणि आजच्या पत्त्यांत 'पालघर' असें दिसतें. ही चूक नव्हे. विचारणाऱ्यास कारण सांगतां आलें म्हणजे झालें. दाखल्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा 'अपॉस्टिल' शिक्का करून घ्यावा. भारत २००५ पासून त्या आंतरराष्ट्रीय करारांत आहे. फ्रेंच भाषांतर लागल्यास तें अधिकृत भाषांतरकाराकडूनच करवावें.

आतां पैशाचा हिशेब. सामानासह खोली भाड्यानें घेतल्यास फ्रेंच कायद्यानें दोन महिन्यांच्या भाड्यापर्यंत अनामत घेतां येते. तींत पहिल्या महिन्याचें भाडें मिळवा, म्हणजे पोंचतांच तीन महिन्यांचें भाडें हातीं असावें लागतें. घरमालक जामीनदारहि मागतो. तरुण विद्यार्थ्यांस त्यासाठीं 'व्हिसाल' नांवाची विनामूल्य हमी मिळूं शकते, मात्र ती करारावर सही करण्यापूर्वीं घ्यावी लागते. शिवाय उतरल्यापासून तीन महिन्यांच्या आंत दीर्घ मुदतीचा व्हिसा इंटरनेटवरून कायम करून घ्यावा. हें विसरल्यास पुढचें राहणेंच बेकायदेशीर ठरतें.

एवढें झाल्यावर पेटी उघडावी. युरोपीय संघाच्या नियमानें बाहेरच्या देशांतून मांसाचे व दुधाचे पदार्थ प्रवाशास नेतां येत नाहींत. म्हणून पेढे आणि साजूक तूप घरींच राहूं द्यावें. आमचीं सुकेळीं मात्र खुशाल न्यावीं. साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनच्या शेगडीवर तापत नाहीं. तिच्यावर चालणाऱ्या बुडाचा घ्यावा. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे, पण आपला तीन पिनांचा प्लग तेथें बसत नाहीं. औषधें डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीं, चष्म्याचा दुसरा जोड घ्यावा आणि दांतांचें काम येथेंच उरकावें. जाड कोट तेथील थंडी पाहून तेथेंच विकत घेणें बरें.

भाषेची तयारी पेटींत भरतां येत नाहीं. ती आधींच करावी लागते. चित्रकार सय्यद हैदर रझा हे नागपूरच्या चित्रशाळेंत आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्यें शिकले. १९५० सालीं फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ति घेऊन ते पॅरिसला गेले; पण त्यापूर्वीं मुंबईंतील आलियाँस फ्रान्सेजमध्यें त्यांनीं फ्रेंच शिकून घेतलें होतें. शिष्यवृत्तीपुरतें गेलेल्या या गृहस्थांचें फ्रान्समधील वास्तव्य सुमारें साठ वर्षें झालें. आज विद्यापीठांतील शिकवणें इंग्रजींत असलें, तरी घरमालक, दवाखाना आणि सरकारी कचेरी यांचा व्यवहार बहुधा फ्रेंचमध्येंच चालतो. निदान सहा महिने रोज एक तास या भाषेस द्यावा. दुकानांत शिरतांना प्रथम 'बोंझूर' म्हणणें हा तेथील शिष्टाचाराचा पहिला धडा आहे.

मागें राहणाऱ्यांनींहि तयारी करावयाची असते. फ्रान्सचें घड्याळ आपल्यामागें उन्हाळ्यांत साडेतीन आणि हिवाळ्यांत साडेचार तास असतें. डिसेंबरांत पॅरिसला सायंकाळीं पांचच्या सुमारास सूर्य मावळतो. त्या लांबलचक रात्रींत नवखें मूल एकटें पडतें. म्हणून फोनचा वार आणि वेळ आधींच ठरवावी. आणि आईबापांनीं 'जेवलास का?' एवढेंच न विचारतां 'आज कोणाशीं बोललास?' असेंहि विचारावें.

सर्व मूळ कागद एका पिशवींत आणि ती पिशवी हातांतल्या सामानांत. त्यांच्या नकला घरच्या कपाटांत, आणि कोणता कागद कोठें आहे याची यादी आईजवळ. इतकी व्यवस्था झाली, म्हणजे फराळाचा एखादा डबा मागें राहिला तरी मुलाचें वर्ष वायां जाणार नाहीं.