अमेरिकेचा डॉलर आणि आपल्या पेटीतला रुपया

(महोत्सवी व्याख्यानमालेत सुरत येथे झालेले भाषण)



महोत्सवात नाण्यांवर बोला, अशी कार्यवाहांची आज्ञा झाली. आणि त्यातही अमेरिकेतील दुर्मिळ नाण्यांच्या लिलावांवर बोला, असे आमच्या तरुण मित्रांनी सुचविले. एकेका डॉलरला कोट्यवधी रुपये मोजणारी माणसे जगात आहेत, हे वाचून त्यांचे कुतूहल जागे झाले आहे. त्यांच्या इच्छेला मान देऊन आम्ही आधी अमेरिकेस जातो. पण तेथे फार वेळ थांबणार नाही. अमेरिकेची चांदी आणि आपला रुपया यांचा जुना ऋणानुबंध आहे, आणि आम्हांस खरे बोलावयाचे आहे ते त्याविषयी.

तिकडच्या नाण्यांचा राजा म्हणजे 1804 सालचा चांदीचा डॉलर. गंमत अशी की त्यावर साल 1804 असले तरी तो त्या साली पाडलेला नाही. 1834 च्या सुमारास अमेरिकन सरकारने पूर्वेकडील राजांना नजर करण्यासाठी नाण्यांच्या पेट्या तयार करविल्या, तेव्हा हे साल घालून मोजके डॉलर पाडले. पुढे आणखी थोडे पाडले गेले; बराच काळ एकूण पंधराच माहीत होते. एडमंड रॉबर्ट्स नावाचा वकील ‘पीकॉक’ जहाजातून या पेट्या घेऊन निघाला. एक मस्कतच्या सुलतानाला मिळाली, एक सयामच्या राजाला. अरबस्तानच्या किनाऱ्याजवळ हे जहाज रुतले होते. ते दुरुस्तीसाठी 1835 च्या अखेरीस मुंबईस आले. म्हणजे सयामची पेटी काही दिवस आपल्या मुंबईच्या गोदीत होती! मस्कतच्या पेटीतला म्हणून ओळखला जाणारा डॉलर 1999 साली लिलावात 41 लाख 40 हजार डॉलरला गेला. 2016 साली तो पुन्हा लिलावात आला, पण मालकाने ठरविलेली राखीव किंमत गाठली गेली नाही आणि तो तसाच परत गेला. 2021 साली मात्र 76 लाख 80 हजार डॉलरला विकला गेला.

एवढा पैसा माणूस कशाच्या भरवशावर टाकतो? येथे हिऱ्यांच्या धंद्यातली जी मंडळी बसली आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. हिऱ्याबरोबर प्रयोगशाळेचा कागद असतो, तसाच नाण्याचा दाखला असतो. अमेरिकेत 1986 साली ‘पीसीजीएस’ आणि 1987 साली ‘एनजीसी’ अशा दोन संस्था निघाल्या. नाणे त्यांच्याकडे पाठवावे. जाणकार ते खरे की खोटे हे पाहतात, झीज किती झाली ते पाहतात आणि 1 ते 70 मध्ये गुण देतात. ही गुणांची पट्टी विल्यम शेल्डन याने 1949 साली अमेरिकेच्या जुन्या सेंटांसाठी बसविली होती. ती पुढे सगळ्याच नाण्यांना लागली. मग नाणे कठीण प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून त्यावर क्रमांक घालतात. मस्कतच्या डॉलरला 68 गुण आहेत. एका गुणाच्या फरकाने किंमत दुप्पट झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. हिऱ्यातही यापेक्षा वेगळे काय होते?

ही व्यवस्था हवीच होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत 1893 साली फक्त एक लाख डॉलर पडले, म्हणून त्याला मोल फार. तेव्हा दुसऱ्या टांकसाळीच्या त्याच सालच्या साध्या डॉलरवर बारीक ‘एस’ अक्षर चिकटवून विकणारे कारागीर निघाले. नुसत्या डोळ्यांना ते अक्षर ओळखू येत नाही.

पण दाखला एक गोष्ट सांगू शकत नाही. अशी नाणी जगात आणखी किती शिल्लक आहेत, हे दाखला देणाऱ्यालाही ठाऊक नसते. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीत 1903 साली साडेचव्वेचाळीस लाख डॉलर पडले, पण साठ वर्षे ते बाजारात जवळजवळ दिसतच नव्हते. संग्राहकांच्या किंमतपुस्तकात कोऱ्या नाण्याची किंमत 1500 डॉलर लिहिलेली होती. 1962 च्या अखेरीस सरकारने फिलाडेल्फियाच्या तळघरातल्या जुन्या थैल्या बाहेर काढल्या, तो त्यांत हेच डॉलर निघाले. थोड्याच महिन्यांत किंमत कोसळली. ज्यांनी आदल्या वर्षी हौसेने घेतले त्यांचे काय झाले असेल, याची कल्पना व्यापारी मंडळींनी करावी.

मग हे सगळे डॉलर गेले कोठे, अशी समजूत साठ वर्षे कशाने झाली होती? येथे आपला संबंध येतो.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थान सरकारला चांदीचा रुपया पुरेना. लष्कराचा खर्च, मालाची खरेदी, सगळे रुपयांत; आणि लोकांचा कागदी नोटेवर विश्वास नाही. सरकारने 1917 च्या अखेरीस एक रुपयाची नोट काढली, 1918 साली अडीच रुपयांची काढली, पण लोक नोटा घेऊन खजिन्यावर रांगा लावीत आणि रोख रुपया मागत. रुपया देता आला नसता तर सरकारची पतच गेली असती. इंग्रजांनी अमेरिकेकडे धाव घेतली. तेथे खाणवाल्यांच्या भल्यासाठी कायद्याने पाडलेले कोट्यवधी डॉलर तिजोऱ्यांत नुसते पडून होते. एप्रिल 1918 मध्ये ‘पिटमन कायदा’ झाला आणि 27 कोटींवर डॉलर वितळविले गेले. त्यांपैकी सुमारे 25 कोटी 91 लाख डॉलरांची चांदी हिंदुस्थानसाठी इंग्रजांना विकली. कोणत्या सालचे आणि कोणत्या टांकसाळीचे किती डॉलर मुशीत गेले, याची नोंद कोणी ठेवली नाही. अमेरिकन संग्राहक आजतागायत चाचपडत आहेत ते यामुळे.

हिशोब पाहा. डॉलरात शुद्ध चांदी 371.25 ग्रेन. आपला रुपया बरोबर एक तोळा, म्हणजे 180 ग्रेन वजनाचा; त्यात शुद्ध चांदी 165 ग्रेन. भागून पाहिले तर एका डॉलरचे बरोबर सव्वादोन रुपये होतात. घट सोडली तर 58 कोटी रुपये पाडता येतील इतकी ती चांदी होती. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींत तिचे रुपये झाले आणि ते तुमच्या आमच्या आजोबा-पणजोबांच्या हातांत आले.

सुरतेला यात नवल वाटू नये. सतराव्या शतकात इंग्रज आणि डच जहाजे येथे स्पॅनिश रिआल घेऊन येत. ती चांदी मेक्सिको आणि पोटोसीच्या खाणींची, म्हणजे अमेरिका खंडाचीच. ती येथील टांकसाळीत वितळून ‘जर्ब सुरत’ असा ठसा असलेले मोगली रुपये होत. (सुरतेचा पैसा म्हटला की आपल्या मराठी मंडळींना 1664 आणि 1670 ही साले आधी आठवतात, ते सोडा!) 1835 साली कंपनीने सगळ्या मुलखाला एकच रुपया लावला आणि सुरती रुपयाचे दिवस संपले. त्यांतले असंख्य पुन्हा मुशीत गेले. म्हणून आज चांगला सुरती रुपया दिसला की जाणकार थबकतो.

आता आपल्या पेट्यांकडे येऊ. पुष्कळ घरांत जुन्या रुपयांचे एखादे गाठोडे असते. लग्नकार्य निघाले की ते सराफाकडे जाते, तोळ्यावर किंमत होते, आणि पैंजण किंवा ताट घडते. कोणी संस्थेला देणगी म्हणूनही आणून देतात. त्यांतले बहुतेक रुपये साधे असतात, चांदीच्या मोलाचेच असतात, हे आम्ही स्पष्ट सांगतो. कोणी हवेत इमले बांधू नयेत. पण मुशीत घालण्यापूर्वी एकदा भिंगाखाली प्रत्येक नाणे पाहावे, साल आणि टांकसाळ वहीत लिहावी, मग खुशाल पैंजण करावेत. संस्थेकडे येणाऱ्या नाण्यांची अशी वही विश्वस्तांनी आजपासूनच घालावी, ही आमची विनंती आहे.

भगिनींना वेगळे सांगणे आहे. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी चिंच आणि राख लावून रुपये लख्ख घासण्याची आपली रीत आहे. घासलेले नाणे दाखला देणारे लगेच ओळखतात आणि त्याला गुणच देत नाहीत. पूजेसाठी पाच रुपये वेगळे काढून ते हवे तेवढे घासा. बाकीच्यांना साबणही लावू नका. काळे पडले तर पडू द्या.

आणि वडीलधाऱ्या मंडळींनी टेलिफोनवरील भूलथापांपासून जपावे. ‘तुमच्या जुन्या नाण्याचे दहा लाख देतो, आधी नोंदणीची फी भरा’ असे सांगणारे पुष्कळ आहेत. ते रिझर्व्ह बँकेचेही नाव घेतात. बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये याविषयी जाहीर इशारा दिला आहे. खरा गिऱ्हाईक विकणाऱ्याकडून फी मागत नाही.

अमेरिकेच्या लिलावात बोली लावण्याची हौस असणाऱ्या तरुणांनी कागदावर हिशोब करावा. हातोडा पडला त्या रकमेवर लिलावगृहाचे साधारण वीस टक्के चढतात, मग विमा, टपाल, इकडची जकात. आपली नाणी दाखल्यासाठी तिकडे पाठवू, असेही कोणी म्हणेल. 1972 च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षे झालेले नाणे पुराणवस्तू ठरते आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. 1918 चा रुपयाही आता त्यात आला. वकिलाला विचारल्याखेरीज टपालात काही घालू नये.

आज घरी गेल्यावर पंचम जॉर्जच्या मुखवट्याचा रुपया उलटा करून पाहा. साल 1918, 1919 किंवा 1920 असेल, तर त्यात डॉलराची चांदी असण्याचा पुष्कळ संभव आहे. खालच्या कमळापाशी बारीकसा उठावदार ठिपका दिसला तर तो मुंबईचा, नसला तर कलकत्त्याचा.