दहा ग्रॅमांचें गणित

बैलगाडींत भार मागें फार झाला कीं गाडी उलाळ होते. पुढें फार झाला तर बैलांच्या मानेवर जूं रुतूं लागतें. अशा वेळीं शहाणा गाडीवान ओझें कमी करीत नाहीं. तो तें पुढेंमागें सारतो. एकूण वजन तेंच, परंतु गाडीची चाल पालटते. याच साध्या तत्त्वावर गेल्या दोन दशकांत गोल्फच्या खेळांतील एका साधनाची रचना उभी राहिली आहे.

तें साधन म्हणजे ‘ड्रायव्हर’. येथें मोटार हांकणारा मनुष्य अभिप्रेत नसून, चेंडू सर्वांत दूर धाडणारी लांब काठी अभिप्रेत आहे. पूर्वीं तिचें डोकें पर्सिमन नांवाच्या कठीण लांकडाचें असे. १९७९ सालीं गॅरी अ‍ॅडम्स या अमेरिकन गृहस्थानें टेलरमेड ही कंपनी काढून पोकळ पोलादी डोक्याचा प्रसार केला; १९९० नंतरच्या दशकांत टायटेनियम आलें. हा धातु पोलादाहून बराच हलका, तरीही बळकट. त्यामुळें डोक्याचें कवच मोठें व पातळ करतां येऊं लागलें, आणि सुमारें २०० ग्रॅमांच्या डोक्यांत कांहीं ग्रॅम जणूं शिलकीस पडले. ही शिल्लक कोठें ठेवावी, हा नवा प्रश्न होता.

२००४ सालीं टेलरमेडच्या ‘आर ७ क्वाड’नें त्याचा निर्णय खेळाडूवर सोंपविला. डोक्यांत चार स्क्रू. दोन प्रत्येकीं १० ग्रॅमांचे व दोन प्रत्येकीं २ ग्रॅमांचे. खास किल्लीनें त्यांची अदलाबदल करावयाची.

डोक्याच्या दांड्याजवळील बाजूस टाच व दूरच्या बाजूस चवडा म्हणतात. जड स्क्रू टाचेकडे बसविले, तर उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू डावीकडे झुकूं लागतो; चवड्याकडे बसविले तर उजवीकडे. वजन पुढें, मुखाजवळ आणल्यास चेंडूची उलटी फिरकी घटते. तें मागें नेल्यास चेंडू उंच चढतो. शिवाय आघात मध्यावर न बसला तरी डोकें फारसें वळत नाहीं. दोरावर चालणारा डोंबारी लांब बांबू आडवा धरतो, त्यांतील मर्म हेंच. वजन मध्यापासून जितकें दूर, तितकें वळणें मंद. मात्र पुढचा लाभ घेतला कीं मागचा कांहीं अंशीं सोडावा लागतो.

आतां थोडें गणित. १० ग्रॅमांचा व २ ग्रॅमांचा स्क्रू परस्परांच्या जागीं बसविले, म्हणजे ८ ग्रॅम हलले. दोहोंतील अंतर ६ सेंटिमीटर धरल्यास गुरुत्वमध्य अडीच मिलिमीटरांहूनही किंचित् कमीच सरकतो. हा फरक लहान असला तरी निरर्थक नव्हे. काठी व चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारें दोन हजाराव्या भागापुरताच टिकतो, आणि तेवढ्यांत झालेला लहानसा कोनही दूरवर मोठा होतो. परंतु चेंडू कोणत्या दिशेनें निघावा, हें मुख्यतः आघाताच्या क्षणीं मुख कोणीकडे वळलें आहे यावर ठरतें, आणि तें मनगटांच्या स्वाधीन आहे. ज्याचा चेंडू दर वेळीं रानांत शिरतो, त्याचा दोष स्क्रू थोडा झांकील. घालवूं शकणार नाहीं. ज्याचा फटका नेहमीं एकसारखा बसतो, त्यासच या फरकाची खरी पारख होते. म्हणजे ज्यास गरज अधिक, त्यास उपयोग कमी!

साधनानें कौशल्याची जागा घेऊं नये, म्हणून अमेरिकेची गोल्फ संघटना व स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील ‘आर अँड ए’ ही संस्था दक्ष असतात. डोक्याचें आकारमान ४६० घनसेंटिमीटरांहून अधिक नसावें, अशी मर्यादा त्यांनीं घातली आहे. वळण्यास होणाऱ्या विरोधासही मर्यादा आहे. वजनें बदलण्यास मोकळीक आहे, पण खेळाची फेरी चालू असतां नव्हे. फेरींत मुद्दाम फेरफार करून त्या काठीनें फटका मारणारा खेळाडू स्पर्धेंतून बाद होतो.

या नियमांतील विवेक घेण्याजोगा आहे. तयारी घरीं हवी तेवढी करावी. मैदानावर मात्र जें हातांत आहे त्यानेंच खेळावें. गाडीवानानें ओझें कितीही कुशलतेनें रचलें, तरी कासरा हातीं धरण्याचें काम उरतेंच.