चार्ज दिला, केटी कुणी घेतलीच नाही



आमच्या कंपनीत कुणी नोकरी सोडली की नोटीस पिरियडमध्ये त्याच्याकडून ‘केटी’ घेतात, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. कोड कुठे अडतो, रात्री सिस्टीम बंद पडली तर आधी काय बघायचे, हे मागे राहणाऱ्याला सांगूनच तो जातो. माझी खाला आपल्या मुरबाड तालुक्यात एएनएम होती. ५८ व्या वर्षी निवृत्त होताना तिने चार्ज दिला: रजिस्टरे, औषधांचा साठा, बीपीचे यंत्र, कपाटाच्या किल्ल्या. बाळंतपणाबद्दल तिला कुणी एक प्रश्न विचारला नाही.

ती दहावीनंतर या कामात आली. तेव्हा दीड वर्षाचा कोर्स होता, हॉस्टेलात राहून. मुलीने रात्री-अपरात्री लोकांच्या घरी जायचे म्हणून घरात विरोध झाला. बाजू घेतली ती एकट्या नानीने. तिची स्वतःची दोन बाळे जन्मताच गेली होती.

एएनएमच्या सरकारी नावात ‘प्रसाविका’ आहे. पण १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर ती बहुउद्देशीय कर्मचारी झाली. लसीकरण, कुटुंबनियोजन, सर्वेक्षण, आणि त्यातून वेळ काढून बाळंतपण. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली आणि बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली. हे चांगलेच झाले. पण पावसात ओढा भरला आणि गाडी पोचली नाही, तर पाड्यावर धावून जाणाऱ्या नर्सच्या हाताला सवय हवी. ती सवय उपकेंद्रात आता लागायची कुठे?

खालाने मला पार्टोग्राफ समजावून सांगितला. कागदावर तास आडवे, गर्भाशयाचे तोंड किती सेंटिमीटर उघडले ते उभे. एक सावध करणारी रेषा, तिच्यापुढे चार तासांवर दुसरी, तिथे काहीतरी करावेच लागते. आम्ही सर्व्हरसाठी डॅशबोर्ड बनवतो, तसाच हा. फक्त इथे रेषा बघून ठरवायचे की टोकावड्याच्या ग्रामीण रुग्णालयात थांबायचे, की उल्हासनगरची वाट धरायची. खाला म्हणते, “कागदाच्या आधी बाईच्या चेहऱ्यावर कळतं.” मी इंजिनियर माणूस, चेहरा मला मोजता येत नाही. पण नेमके काय दिसते, हे तिला विचारून लिहून ठेवता येईल.

डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. १८ महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेली नर्स गुंतागुंत नसलेली बाळंतपणे स्वतः सांभाळू शकेल, अशी ती योजना. प्रवेश मात्र जीएनएम किंवा बीएससी नर्सिंग झालेल्यांना. उभा जन्म पाड्यांवर काढलेली एएनएम त्यात विद्यार्थिनी म्हणूनही बसत नाही. हे मला पटत नाही.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलींना आणि त्यांच्या अम्मी-अब्बांना म्हणूनच सांगतो: एएनएमला दोन वर्षे लागतात, जीएनएमला तीन, बीएससीला चार. ऐपत असेल, किंवा शिष्यवृत्ती मिळत असेल, तर जीएनएम वा बीएससी करा. पुढची दारे तिथून उघडतात. खर्च झेपत नसेल तर एएनएम करून नोकरीला लागा आणि नंतर पुढे शिका.

दुसरे काम आपल्या गटाचे. टोकावड्याच्या आसपासच्या निवृत्त सिस्टरांची यादी करू, मोबाइलवर त्यांचे बोलणे रेकॉर्ड करू. रुग्णांची नावे घ्यायची नाहीत, पेशंटचे फोटो नाहीत. उपचार म्हणून काही पसरवायचे नाही. डॉक्टरांना दाखवून मगच नर्सिंगच्या मुलींना ऐकवायचे.

सुरुवात खालापासून करू. ती तयार आहे. फक्त तीननंतर या, दुपारी ती झोपते.