शस्त्रक्रियेची परिभाषा

सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली राहिलेल्या आपल्या मराठवाड्यात दवाखाना, मरीज, नुस्खा हे शब्द सरकारदरबारी रूढ होते, आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात अध्यापनच मुळी उर्दूतून होत असे; आज मात्र नांदेडच्या वा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात केसपेपर काढून रांगेत उभ्या राहिलेल्या मुखेडच्या किंवा निलंग्याच्या शेतकऱ्याच्या कानी जी परिभाषा पडते, ती इंग्रजीच्या द्वारे आलेली, परंतु मूळची बहुतांशी ग्रीक आहे.

ती वाटते तितकी दुर्बोध नाही. अखेरीस ‘ग्राफी’ असेल तर चित्रण, ‘स्कोपी’ असेल तर आपण ज्याला दुर्बिणीची तपासणी म्हणतो ती, ‘टॉमी’ म्हणजे छेद, ‘एक्टॉमी’ म्हणजे अवयव काढणे आणि ‘प्लास्टी’ म्हणजे दुरुस्ती. म्हणूनच अँजिओग्राफीत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे केवळ चित्र घेतात, अँजिओप्लास्टीत मात्र अरुंद झालेली वाहिनी फुग्याने रुंद करतात, आणि संमतिपत्रावर अंगठा उठवण्यापूर्वी हा भेद विचारून घेण्याचा रुग्णाला पुरता अखत्यार आहे.

खाटेजवळच्या कागदावरील ‘एनबीएम’ या अक्षरांचा अर्थ तर सोबतच्या नातेवाइकांना मराठीतच बजावून सांगावा. तोंडावाटे काही द्यायचे नाही, घोटभर चहासुद्धा नाही. कारण भूल दिल्यावर पोटातले अन्न उलटून श्वासनलिकेत जाण्याचे भय असते, आणि मायेपोटी भरवलेल्या दोन घासांपायी ठरलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते.