मरणनोंदींतील कुळवृत्तांत



गुजरात-काठियावाडातून येथे स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांच्या वंशावळी पूर्वी वहीवंचा बारोट राखीत. आता मोठा आधार १८२२ साली सुरू झालेल्या गुजराती ‘मुंबई समाचार’मधील मरणनोंदींचा. ‘हाल’ म्हणजे हल्लीचे वास्तव्य. त्याआधीचे गाव ते मूळ. ‘पियर पक्षे’ म्हणजे माहेर. हा धागा धरला की दुसरे घराणे जुळते. पुरुषांच्याच नावांनी भरलेल्या वंशावळीत हे कोठून मिळणार? कात्रणावर मात्र बहुधा तारीख नसते, आणि तारखेवाचून कात्रण म्हणजे गिरणीच्या शिक्क्यावाचून ताका! घरोघरी चोपड्यांत दडलेली कात्रणे वडीलधाऱ्यांसमवेत वाचावीत (टोपणनावे त्यांनाच ठाऊक), कडेला साल लिहावे व प्रत ट्रस्टच्या कार्यालयात द्यावी, ही विनंती.