वंशावळीत न लिहिलेली नावे
(हिवरे बाजार येथील वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 मी इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिक होऊन शाळामास्तरकी केलेला आणि आता निवृत्त झालेला एक सामान्य मनुष्य आहे. निवृत्तीनंतर मोडी शिकलो आणि त्या नादाने आमच्या घराण्याची जुनी दप्तरे चाळू लागलो. त्यात जे हाती लागले आणि त्यावरून माझी जी चूक माझ्या पदरात पडली, तीच आज आपणांपुढे ठेवणार आहे.

ज्या गावात आपण बसलो आहो, ते हिवरे बाजार पाण्याच्या ताळेबंदासाठी देशात प्रसिद्ध आहे. श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली या गावाने पडलेला पाऊस मोजण्याची, विहिरींची पातळी पाहण्याची आणि मगच कोणते पीक घ्यावे हे ग्रामसभेत ठरवण्याची शिस्त लावून घेतली. हा ताळेबंद करताना एखादी विहीर आपल्या भावकीतली नाही म्हणून तिची मोजणी कोणी टाळीत नाही. टाळली तर सारा हिशेबच खोटा ठरेल. वंशावळीचेही असेच आहे, हे मला साठी उलटल्यावर कळले.

2023 साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. जुनी कोतवाल बुके, गाव नमुना 14 मधील जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळांची जनरल रजिस्टरे, हक्कनोंदणीची पत्रके ही सारी कपाटांतून बाहेर निघाली. ज्यांनी आजवर पणजोबांचे नाव विचारले नव्हते, तेही खापरपणजोबांच्या शोधास लागले. नोंद सापडली तरी काम संपत नाही. त्या नोंदीतील मनुष्याशी आपले रक्ताचे नाते वंशावळीने दाखवावे लागते. म्हणून वंशावळ ही आता हौसेची वस्तू राहिलेली नाही. तिच्यावर मुलांच्या शिक्षणाची आणि नोकरीची भिस्त आहे.

आपल्या वंशावळी आपण कशा लिहितो, ते पाहावे. बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू. बायकांची नावे बहुधा नसतातच, आणि असली तर एकेकाला एक. प्रत्यक्षात आपल्या पूर्वजांपैकी कितीतरी जणांचे दोन-दोन, तीन-तीन विवाह झालेले होते. याची कारणे नुसत्या विलासात शोधू नयेत. बाळंतपणात स्त्रिया दगावत. 1876 ते 1878 चा दुष्काळ, त्यानंतर प्लेग, 1899-1900 चा छप्पन्नचा दुष्काळ, 1918 ची इन्फ्ल्यूएंझाची साथ, यांनी घरेच्या घरे रिकामी केली. चुलीपुढे आणि शेतात हात हवा असे. मुलगा नसल्यामुळेही दुसरे लग्न होई. विधवेशी पाट लावण्याची रीत आपल्या प्रांतात पुष्कळ जातींत होती. स्टील साहेबाने 1827 साली दख्खनमधील जातींच्या रूढींचा जो संग्रह छापला, त्यात ती नमूद आहे. 1856 च्या कायद्याने विधवाविवाहास सरकारी पाठबळही मिळाले. एकाच पुरुषाने दोन बायका नांदवण्यास मुंबई इलाख्यात 1946 साली आणि पुढे 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने बंदी झाली. त्यापूर्वीच्या पूर्वजाची वंशावळ लिहिताना एकच पत्नी गृहीत धरणे म्हणजे अर्धे घर विसरणे होय.

थोरांच्या घरीही हीच गोष्ट दिसते. शहाजीराजांचा आपल्या नगरशी निकटचा संबंध. आपल्याच तालुक्यातील भातवडीस 1624 साली जी लढाई झाली, तीत त्यांनी पराक्रम केला आणि त्यांचे बंधू शरीफजी तेथेच पडले. शहाजीराजांच्या पत्नींपैकी जिजाऊसाहेबांचे नाव घरोघरी आहे. मोहित्यांच्या कन्या तुकाबाई यांचे नाव त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांच्यामुळे राहिले. नरसाबाईंचे नाव संताजी या पुत्राच्या निमित्ताने तेवढे येते. व्यंकोजीराजांच्या वंशातील सरफोजीराजांनी 1803 साली तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला, म्हणून त्या शाखेची स्मृती दगडावर टिकली. तिकडे 1677 साली कर्नाटकाच्या स्वारीत शिवाजीमहाराजांनी याच सापत्न बंधूंकडे वडिलांच्या दौलतीतला आपला अर्धा वाटा मागितला. तंटा झाला, लढाईही झाली. परंतु हा माझा भाऊच नव्हे, असे दोघांपैकी कोणी म्हटले नाही. हे आपण ध्यानात ठेवावे.

आता माझ्या घरची हकीकत सांगतो. नावे सांगत नाही, कारण त्यात हयात माणसांचा संबंध आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या घराण्याची वंशावळ मीच तयार केली होती. तीत पणजोबा, त्यांची एक पत्नी आणि त्यांचा एक मुलगा म्हणजे माझे आजोबा, असे लिहिले. 2023 साली नोंद शोधताना प्रथम 1900 सालची मृत्यूची नोंद दिसली: पणजोबांचे पूर्ण नाव आणि त्यापुढे ‘याची बायको’. बाईचे नाव नाही. मी चक्रावलो. माझ्या पणजीने तर माझ्या वडिलांना अंगाखांद्यावर खेळवले होते. त्याच नावाचा दुसरा कोणी असेल, असे म्हणून मी पान उलटले.

रात्री अंथरुणावर पडल्यावर एक गोष्ट आठवली. आमच्या घरी पितृपक्षात अविधवा नवमी पाळतात. नवऱ्याच्या आधी सवाष्ण गेलेल्या स्त्रीची ही तिथी. आमच्या ठाऊक असलेल्या बायकांत तर अशी कोणीच नव्हती. मग सवाष्ण जेवत होती ती कोणाच्या नावाने? देव्हाऱ्यात एक झिजलेला चांदीचा टाकही आहे. आई त्याला नुसते ‘थोरली’ म्हणे. लहानपणापासून मी त्याला हळदकुंकू वाहिलेले पाहिले. थोरली कोण, हे कधी विचारले नाही. सवत वारली म्हणजे तिचा टाक करून दुसरीने तो पुजावा, ही चाल आपल्याकडे होतीच. दुष्काळात गेलेली पणजोबांची पहिली पत्नी ती हीच.

दुसरा धक्का याहून मोठा होता. आजोबांच्या जन्माच्या सालचे बुक वाळवीने खाल्लेले. परंतु 1921 सालच्या बुकात पणजोबांच्या नावापुढे एका मुलाचा जन्म लिहिलेला आणि जातीच्या रकान्यात स्पष्ट ‘कुणबी’. हवी ती नोंद मिळाली, पण मुलगा कोण? मग वारसाचा फेरफार काढला. पणजोबांच्या मागे दोन वारस लागलेले: एक माझे आजोबा आणि दुसरा एक अज्ञान मुलगा, ‘अ.पा.क. आई’ आणि पुढे एका बाईचे नाव. अज्ञान पालनकर्ती म्हणून आईचे नाव कागदावर चढले, एरवी तेही चढले नसते. ते नाव माझ्या पणजीचे नव्हते. पुढे काही वर्षांनी आणखी एका फेरफाराने त्या मुलाचे नाव जमिनीवरून कमी झालेले दिसले.

आमच्या आत्याबाई नव्वदी ओलांडलेल्या. त्यांना जाऊन विचारले. बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तिचं नाव कशाला काढतोस बाबा? ती पाटाची व्हती. आमच्या बापानं सांगितलं व्हतं, तिचं नाव घ्यायचं न्हाई.” साथीच्या वर्षी विधवा झालेल्या एका बाईशी पणजोबांनी पाट लावला होता. घराणे कुळीचे म्हणवून घेऊ लागल्यावर पाट ही सांगण्यासारखी गोष्ट राहिली नाही. पणजोबा गेल्यावर ती बाई मुलाला घेऊन माहेरी गेली ती कायमची.

शेवटचा शोध त्र्यंबकेश्वरी लागला. तेथील तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या नामावळ्या पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या असतात. आमच्या गावाची वही त्यांनी काढली. पणजोबा सिंहस्थात तेथे गेले होते. त्यांना लिहिता येत नव्हते, म्हणून दुसऱ्याच्या हातून त्यांनी नावे घातली. आईबापांची, भावांची, दोन्ही मुलांची. आणि तीन पत्नींची, वारलेल्या थोरलीसुद्धा. थोरलीचे नाव मी त्या दिवशी प्रथम वाचले. सव्वाशे वर्षे ती आमच्या घरी बिननावाने पुजली जात होती. पणजोबांनी काहीच लपवले नव्हते. लपवले ते आम्ही, आणि शेवटी कागदावर लपवले ते मी.

महालयाच्या श्राद्धात आईच्या मागे सापत्नमातेच्याही नावाने पिंड देण्याचे शास्त्रात सांगितले आहे. शास्त्राने जिला विसरू नये म्हटले, तिला आपण वंशावळीतून गाळतो, याचा विचार व्हावा.

त्या पाटाच्या पणजीचे वंशज मी हुडकून काढले. शेजारच्या एका तालुक्यात ते असतात. माझ्याच वयाचे एक गृहस्थ पुढे आले. त्यांनी बसवून घेतले, चहा दिला आणि एवढेच विचारले, “गुरुजी, आमचं नाव लिवणार का तुम्ही?” मी होय म्हटले आणि घरी येऊन नवी वंशावळ मांडली. भावकीत लगेच कुजबूज झाली. उद्या ते जमिनीत वाटा मागतील, पाटाचे नाव चव्हाट्यावर येईल, असे म्हणू लागले. जमिनीचे काय व्हायचे ते कायद्याने होईल. मला एवढेच दिसते की, आमच्या नातवंडांचे दाखले ज्या 1921 सालच्या नोंदीवर निघायचे, ती त्या बाईच्या लेकाच्या जन्माची नोंद आहे. त्याची नोंद हवी आणि त्याचे नाव नको, हा कोणता न्याय? प्रतिज्ञापत्रावर वंशावळ खरी म्हणून सही करायची, तर ती खरी असली पाहिजे. आमच्या दोन घरांनी अद्याप सही केलेली नाही. मी रोज त्यांच्याकडे जातो.

म्हणून आपणांस माझी विनंती अशी की, वंशावळ लिहायला बसाल तेव्हा प्रत्येक पूर्वजापुढे त्याच्या सर्व पत्नींची नावे लिहा; लग्नाच्या तशाच पाटाच्या, पोर झालेल्या तशाच न झालेल्या. नाव न सापडल्यास जागा मोकळी ठेवा, पण ती पत्नी गाळू नका. कोतवाल बुकात मृत्यूच्या नोंदी जन्मांइतक्याच बारकाईने पाहा. जुन्या वारसाच्या फेरफारांत ‘अ.पा.क.’ ही तीन अक्षरे दिसली की थांबा, तेथे एखादी आई उभी असते. त्र्यंबक, पैठण, पंढरपूर येथील उपाध्यायांना भेटा. घरात कोणाची तिथी पाळतात आणि देव्हाऱ्यात कोणाचा टाक आहे, हे म्हाताऱ्या बायकांना आजच विचारा. कागदाला वाळवी लागते आणि माणूसही फार काळ थांबत नाही. आत्याबाई गेल्या पौषात वारल्या.